प्रेशर वॉशर : विद्युत आणि पेट्रोल प्रकार

प्रेशर वॉशर किंवा उच्चदाब धुलाई यंत्र हे पंपाच्या साहाय्याने पाण्याचा दाब वाढवून, बारीक नोझलमधून निघणाऱ्या वेगवान धारेने पृष्ठभागावरील चिखल, तेलकट थर, शेवाळ, सुटा रंग, क्षार इत्यादी काढून टाकणारे यंत्र होय. पंप फिरविण्यासाठी विद्युत मोटर, पेट्रोल इंजिन किंवा डिझेल इंजिन वापरले जाते. महाराष्ट्रातील सातारा व सांगली जिल्ह्यांत वाहनधुलाई केंद्रे, गोठे, दूध संकलन केंद्रे, साखर कारखाने, महाबळेश्वर-पाचगणी परिसरातील इमारती आणि कृष्णा नदीच्या महापुरानंतरची स्वच्छता अशा अनेक कामांसाठी या यंत्रांचा उपयोग होतो.

अवघड स्वच्छतेसाठी विद्युत यंत्र पेट्रोल यंत्राची जागा घेऊ शकते का, या प्रश्नाचे उत्तर केवळ इंधनावर ठरत नाही. यंत्राची धुण्याची क्षमता दाब आणि प्रवाह यांच्या गुणाकारावर अवलंबून असते आणि हा गुणाकार किती मोठा करता येईल हे जागेवर उपलब्ध असलेल्या वीजजोडणीवर ठरते. थ्री फेज वीज असेल तेथे विद्युत यंत्र पेट्रोल यंत्राच्या बरोबरीचे किंवा त्याहून सरस ठरते. घरगुती सिंगल फेज जोडणीवर तेच काम बहुधा होते, परंतु त्यास अधिक वेळ लागतो. जेथे वीजच नाही किंवा ती सुरक्षिततेसाठी बंद केलेली आहे, तेथे इंजिनावरील यंत्रास पर्याय उरत नाही.

## इतिहास

दाबाखालील वाफ व गरम पाणी वापरून यंत्रांवरील वंगण काढण्याची उपकरणे अमेरिकेत १९२० च्या दशकात प्रचारात आली. जर्मन अभियंता आल्फ्रेड कार्चर याने १९३५ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीने १९५० मध्ये युरोपातील पहिले गरम पाण्याचे उच्चदाब धुलाई यंत्र तयार केले. याच कंपनीने १९८४ मध्ये घरगुती वापराचे, सहज उचलून नेता येणारे यंत्र बाजारात आणले. त्यानंतर विजेवर चालणारी छोटी यंत्रे जगभर सर्वसामान्य ग्राहकांपर्यंत पोहोचली.

दक्षिण महाराष्ट्रात या तंत्राचा परिचय शेतीच्या मार्गानेही झाला. तासगाव, पलूस, मिरज या तालुक्यांतील द्राक्षबागांत औषध फवारणीसाठी तीन प्लंजरचे पंप वापरले जातात. त्यांना बाजारात 'एचटीपी पंप' असे म्हणतात. साधारण २० ते ४० बार दाब देणारा हा पंप पट्ट्याने विद्युत मोटर, पेट्रोल किंवा डिझेल इंजिन अथवा ट्रॅक्टरला जोडता येतो. ग्रामीण भागात हाच पंप ट्रॅक्टर, दुचाकी व गोठे धुण्यासाठीही उपयोगी पडतो. प्रेशर वॉशरचा पंप तत्त्वतः याच कुळातील असून त्याचा दाब कित्येक पटींनी अधिक असतो.

सांगली जिल्ह्याची पंपनिर्मितीशी जुनी ओळख आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये तत्कालीन औंध संस्थानात वसविलेली किर्लोस्करवाडी आज पलूस तालुक्यात आहे. तेथील उद्योगाची ख्याती मुख्यतः अपकेंद्री पंपांसाठी आहे. अपकेंद्री पंप कमी दाबाने मोठ्या प्रमाणावर पाणी फेकतो, तर प्रेशर वॉशरचा प्लंजर पंप थोडेच पाणी मोठ्या दाबाने फेकतो. हा भेद महापुरानंतरच्या स्वच्छतेत विशेष महत्त्वाचा ठरतो.

## रचना व कार्य

यंत्राचे मुख्य भाग पुढीलप्रमाणे असतात : मोटर किंवा इंजिन, प्लंजर पंप, दाब नियंत्रित करणारा अनलोडर व्हॉल्व्ह, उच्चदाबाचा पाइप, घोड्यासह गन आणि नोझल. पंपातील प्लंजर मागेपुढे सरकून पाणी ओढतात व ढकलतात. स्वस्त यंत्रांत तिरप्या चकतीवर चालणारा पंप असतो. व्यावसायिक यंत्रांत क्रँकशाफ्टवर चालणारा, तेलात बुडालेला पंप असतो. दुसऱ्या प्रकारचा पंप कमी वेगाने फिरतो, त्याचे सुटे भाग बदलता येतात आणि तो अधिक काळ टिकतो.

विद्युत यंत्रांतही दोन प्रकारच्या मोटरी आढळतात. कार्बन ब्रश असलेली युनिव्हर्सल मोटर हलकी व स्वस्त असते. मात्र ती अतिशय वेगाने फिरते, लवकर तापते आणि सलग तासन्‌तास चालविण्यासाठी योग्य नसते. इंडक्शन मोटर जड व महाग असते, परंतु ती शांतपणे चालते आणि दिवसभराच्या कामाला टिकते. 'विजेचे यंत्र जड कामाला टिकत नाही' हा समज बहुतांशी पहिल्या प्रकारच्या यंत्रांच्या अनुभवातून झालेला आहे.

गनचा घोडा सोडल्यावर दोन्ही प्रकारांचे वर्तन निराळे असते. अनेक विद्युत यंत्रांत घोडा सोडताच मोटर बंद होते आणि दाबताच पुन्हा सुरू होते. पेट्रोल इंजिन मात्र चालूच राहते. पंपातील पाणी आतल्या आत फिरत राहून तापते आणि काही मिनिटांत सील खराब होण्याचा संभव निर्माण होतो. त्यामुळे पेट्रोल यंत्र काम न करता फार वेळ चालू ठेवू नये, असे उत्पादक सांगतात.

नोझलचे कोन रंगांवरून ओळखले जातात. लाल नोझल शून्य अंशाचे, पिवळे १५, हिरवे २५ आणि पांढरे ४० अंशांचे असते. काळे नोझल साबणासाठी कमी दाबाचे असते. कोन जितका लहान, तितका मारा तीव्र व क्षेत्र लहान. गोल फिरणाऱ्या, म्हणजे टर्बो नोझलमुळे शून्य अंशाच्या धारेचा तीव्र मारा मोठ्या वर्तुळावर पसरविता येतो.

## दाब, प्रवाह आणि शक्ती

पाण्याला मिळणारी शक्ती पुढील सूत्राने काढतात :

शक्ती (किलोवॉट) = दाब (बार) × प्रवाह (लिटर प्रतिमिनिट) ÷ ६००

सिंगल फेजवरील चांगल्या यंत्राचा दाब १३० बार व प्रवाह मिनिटाला ८ लिटर धरल्यास पाण्याला सुमारे १.७ किलोवॉट शक्ती मिळते. २०० बार व १२ लिटर प्रवाहाच्या पेट्रोल यंत्रात हीच शक्ती ४ किलोवॉट होते. म्हणजे दोघांत सुमारे २.३ पटींचा फरक पडतो. धारेचा एकूण रेटा मात्र प्रवाह आणि दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. वरील उदाहरणांत तो अनुक्रमे सुमारे २१ व ४० न्यूटन, म्हणजे साधारण दोन व चार किलोग्रॅम वजनाइतका असतो.

या फरकाचे मूळ घराच्या भिंतीवरील सॉकेटमध्ये आहे. २३० व्होल्ट व १६ अँपिअरच्या सॉकेटमधून जास्तीत जास्त सुमारे ३.७ किलोवॉट वीज घेता येते. मोटर व पंप यांतील व्यय वजा जाता पाण्यापर्यंत सव्वादोन किलोवॉटच्या आसपासच शक्ती पोहोचते. सिंगल फेज यंत्र कितीही महाग घेतले तरी ही मर्यादा ओलांडता येत नाही. थ्री फेज जोडणीवर ती उरत नाही : ५.५ किलोवॉटची, म्हणजे साडेसात अश्वशक्तीची मोटर २०० बार व १२ लिटर प्रवाहाचा पंप सहज चालविते.

दाब व प्रवाह यांची कामे निरनिराळी आहेत. घट्ट चिकटलेला थर पृष्ठभागापासून सोडविण्याचे काम दाब करतो, तर सुटलेला मळ वाहून नेण्याचे काम प्रवाह करतो. प्रत्येक थराला सुटण्यासाठी किमान एका दाबाची गरज असते. त्याखाली कितीही वेळ धार मारली तरी तो सुटत नाही. त्या मर्यादेच्या वर मात्र कमी शक्तीचे यंत्रही काम पूर्ण करते, फक्त वेळ अधिक लागतो. त्यामुळे तुलना करताना वेष्टनावर छापलेला कमाल दाब पाहणे पुरेसे नसते. हा आकडा अनेकदा प्रवाह जवळजवळ बंद असतानाचा असतो. प्रत्यक्ष कामाचा दाब आणि त्याच वेळचा प्रवाह हे दोन्ही आकडे पाहावे लागतात.

| वैशिष्ट्य | सिंगल फेज विद्युत | थ्री फेज विद्युत | पेट्रोल |
|---|---|---|---|
| मोटर किंवा इंजिन | १.४ ते ३ किलोवॉट | ४ ते ७.५ किलोवॉट | ५ ते १३ अश्वशक्ती |
| दाब (बार) | ९० ते १५० | १५० ते २५० | १५० ते २७० |
| प्रवाह (लिटर प्रतिमिनिट) | ५ ते ९ | १० ते २१ | ८ ते १५ |
| बंद जागेत वापर | शक्य | शक्य | धोकादायक |
| वीज नसताना वापर | जनरेटरवरच | मोठ्या जनरेटरवरच | शक्य |
| जागा बदलण्याची सोय | चांगली, वायरपुरती | मर्यादित | चांगली |

तक्त्यातील आकडे बाजारात सामान्यतः आढळणाऱ्या यंत्रांचे आहेत. दाब व प्रवाह या दोहोंचे कमाल आकडे सहसा एकाच यंत्रात एकत्र येत नाहीत. बॅटरीवरील छोट्या यंत्रांचा दाब बहुधा ५० बारच्या आत असतो. ती दुचाकी व खिडक्या धुण्यास उपयुक्त असली तरी अवघड कामांच्या तुलनेत त्यांचा समावेश होत नाही.

## सातारा व सांगली जिल्ह्यांतील वापर

### वाहने व ऊसवाहतूक

दोन्ही जिल्ह्यांतील कृष्णाकाठची काळी माती चिकण प्रकारची आहे. ओली असताना ती टायर, मडगार्ड व ट्रॉलीच्या तळाला घट्ट धरते आणि वाळल्यावर विटेसारखी कठीण होते. ऊसगाळपाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्या व बैलगाड्या शेतातून थेट कारखान्याकडे जातात, त्यामुळे अशा मातीचे थर साचतात. वाळलेल्या मातीवर प्रथम पाणी शिंपडून ती भिजू दिल्यास सिंगल फेज यंत्रानेही ती निघते. न भिजविता धुतल्यास पेट्रोल यंत्रालाही वेळ लागतो.

पुणे-बंगळूर महामार्गालगत सातारा, कराड, इस्लामपूर परिसरात आणि मिरज, कुपवाड येथील औद्योगिक भागांत असलेल्या वाहनधुलाई केंद्रांसारख्या कायमच्या जागी थ्री फेज यंत्र सोयीचे असते. जागा बदलत नाही, वीज उपलब्ध असते आणि यंत्र दिवसभर चालवावे लागते. या तिन्ही बाबी विद्युत मोटरीला अनुकूल आहेत. ट्रकचे इंजिन व चासी यांवरील वंगणाचा थर केवळ दाबाने निघत नाही. त्यासाठी गरम पाणी किंवा क्षारयुक्त धुलाईद्रव्य लागते. गरम पाण्याच्या यंत्रांत पंप विजेवर चालतो आणि पाणी तापविण्यासाठी बहुधा डिझेलचा बर्नर असतो.

### दूधव्यवसाय व गोठे

सांगली जिल्ह्यातील भिलवडी आणि साताऱ्यातील फलटण, कराड हे परिसर दूधव्यवसायासाठी ओळखले जातात. दूध संकलन केंद्रातील कोबा, कॅन ठेवण्याचे कट्टे व गटारे यांवर स्निग्धांश व प्रथिनांचा थर बसतो. दुधातील स्निग्धांश ४० अंश सेल्सिअसच्या आत वितळतो, म्हणून कोमट पाणी व क्षारयुक्त द्रव्य यांचा उपयोग होतो. क्षारांचा पांढरा थर, म्हणजे 'मिल्कस्टोन', काढण्यासाठी आम्लयुक्त द्रव्य लागते. अन्नपदार्थांच्या जागी इंजिनाचा धूर व पेट्रोलचा वास चालत नाही, त्यामुळे येथे विद्युत यंत्र हाच योग्य पर्याय आहे. गोठ्यातही जनावरांना आवाजाचा त्रास होत असल्याने विद्युत यंत्र श्रेयस्कर ठरते. धार जनावरांच्या अंगावर मारणे मात्र इजाकारक असते.

### साखर कारखाने

उसाचा रस आटविणाऱ्या इव्हॅपोरेटरच्या नळ्यांत कॅल्शियमचे क्षार, सिलिका व सेंद्रिय द्रव्ये यांचा कठीण थर साचतो. त्यामुळे उष्णता कमी पोहोचते आणि वाफेचा खर्च वाढतो. पारंपरिक पद्धतीत नळ्या कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात उकळून नंतर फिरत्या ब्रशने खरवडल्या जातात. उच्चदाबाची जलधार हा त्यास पर्याय असून त्यासाठी कित्येक शे बार दाब वापरला जातो. हे पंप घरगुती यंत्रांपेक्षा फारच मोठे असतात आणि कारखान्यात ते मोठ्या विद्युत मोटरीवर चालविता येतात. अत्यंत अवघड स्वच्छतेसाठी वीज अपुरी पडते असे म्हणता येत नाही, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

### महाबळेश्वर व पाचगणी

महाबळेश्वर येथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पावसाळ्यानंतर भिंती, पायऱ्या, फरशा व कौलांवर शेवाळाचा काळपट थर साचतो आणि पायऱ्या निसरड्या होतात. शेवाळ काढण्यासाठी फार मोठा दाब लागत नाही. सिंगल फेज यंत्र त्यास पुरेसे असते. शिवाय सुमारे १,३५० मीटर उंचीवर हवा विरळ असल्याने पेट्रोल इंजिनाची शक्ती घटते. दर ३०० मीटरला साधारण ३ ते ३.५ टक्के घट धरल्यास ती येथे १५ टक्क्यांच्या आसपास जाते. विद्युत मोटरीच्या शक्तीवर या उंचीचा लक्षात येण्याजोगा परिणाम होत नाही.

या भागातील अनेक इमारती जांभा दगडाच्या आहेत. जांभा सच्छिद्र व तुलनेने मऊ असतो. त्यावर लहान कोनाची धार जवळून मारल्यास पृष्ठभाग उकरला जातो आणि पुढील पावसाळ्यात त्याच खाचांत शेवाळ अधिक धरते. अशा ठिकाणी पेट्रोल यंत्राची जादा शक्ती लाभदायक नसून हानिकारक असते. ४० अंशांचे नोझल, कमी दाब व मऊ ब्रश यांचा वापर उचित मानला जातो.

### महापुरानंतरची स्वच्छता

कृष्णा नदीला २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये मोठे पूर आले. सांगलीतील आयर्विन पुलाजवळ नदीची इशारा पातळी ४० फूट व धोका पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले आणि शहराचा मोठा भाग अनेक दिवस पाण्याखाली राहिला. पाणी ओसरल्यावर घरे, दुकाने व रस्ते यांवर गाळाचा जाड थर उरला. त्या वेळी स्वच्छतेसाठी राज्यातील इतर शहरांच्या महापालिकांची पथकेही आली होती.

पूर ओसरल्यानंतरची स्वच्छता हीच दोन्ही प्रकारच्या यंत्रांची खरी कसोटी असते. अशा वेळी काम साधारणपणे तीन टप्प्यांत होते :

# पहिल्या टप्प्यात ओला गाळ फावडी व खोऱ्यांनी काढला जातो आणि उरलेला अग्निशमन वाहनाच्या किंवा अपकेंद्री पंपाच्या पाण्याने ढकलला जातो. येथे प्रवाह महत्त्वाचा असतो. अग्निशमन पंप ७ बारच्या आसपासच्या दाबाने मिनिटाला शेकडो लिटर पाणी देतो. मिनिटाला १२ लिटर देणारा प्रेशर वॉशर या कामात निरुपयोगी ठरतो, मग तो विजेचा असो वा पेट्रोलचा.
# दुसऱ्या टप्प्यात भिंती, शटर, फरशा व पायऱ्यांना चिकटलेला थर काढायचा असतो. या वेळी वीजपुरवठा बहुधा बंद असतो. मीटर, बोर्ड व वायरिंग पाण्यात राहिलेले असल्याने तपासणीपूर्वी वीज सुरू करणे धोक्याचे असते. त्यामुळे या टप्प्यावर पेट्रोल किंवा डिझेल यंत्रावर भिस्त ठेवावी लागते.
# तिसऱ्या टप्प्यात वायरिंगची तपासणी होऊन पुरवठा पूर्ववत झाल्यावर खोल्यांतील कोपरे, फर्निचर, यंत्रसामग्री व वाहने धुतली जातात. हे काम विद्युत यंत्राने सुरक्षितपणे करता येते.

दुसऱ्या टप्प्यात दोन अडचणी एकत्र येतात : घरात वीज नाही आणि घरात पेट्रोल इंजिन चालविणे जिवावर बेतू शकते. यावर दोन मार्ग वापरता येतात. पहिला म्हणजे पेट्रोल यंत्र बाहेर, दारे-खिडक्यांपासून दूर ठेवून लांब उच्चदाब पाइपाने आत काम करणे. दुसरा म्हणजे जनरेटर बाहेर उघड्यावर ठेवून विद्युत यंत्र आत नेणे. इंडक्शन मोटर सुरू होताना तिच्या नेहमीच्या प्रवाहाच्या कित्येक पट प्रवाह घेते. म्हणून जनरेटरची क्षमता मोटरीच्या क्षमतेहून बरीच अधिक असावी लागते.

पुरासाठी राखून ठेवलेल्या पेट्रोल यंत्रांची देखभाल हा स्वतंत्र विषय आहे. महिनोन्‌महिने टाकीत राहिलेले पेट्रोल खराब होते, कार्बोरेटरमध्ये चिकट थर धरतो आणि इथेनॉलमिश्रित पेट्रोल हवेतील ओलावा शोषून घेते. त्यामुळे ऐन गरजेच्या वेळी यंत्र सुरू होत नाही. टाकी व कार्बोरेटर रिकामे करून ठेवणे आणि पावसाळ्यापूर्वी यंत्र चालवून पाहणे हा त्यावरील उपाय आहे.

## वीजपुरवठ्याचा प्रश्न

सातारा जिल्ह्यात १,९६० मेगावॉट क्षमतेचा कोयना जलविद्युत प्रकल्प आहे. तथापि गावपातळीवर विद्युत यंत्राची उपयुक्तता ठरते ती वितरणव्यवस्थेवरून. शेतीपंपांसाठीचा थ्री फेज पुरवठा ठरावीक तासांपुरता, आळीपाळीने दिवसा किंवा रात्री दिला जातो. गावठाणातील घरांना सिंगल फेज वीज अधिक वेळ मिळते, पण तिच्या शक्तीला वर सांगितलेली मर्यादा असते. शेतीसाठीच्या जोडणीवर व्यावसायिक वाहनधुलाई करणे हा विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १२६ नुसार विजेचा अनधिकृत वापर ठरतो.

कमी व्होल्टेज व बारीक वायर यांचाही परिणाम होतो. १ चौरस मिलिमीटर जाडीच्या ५० मीटर लांब वायरमध्ये १० अँपिअर प्रवाहाला सुमारे १८ व्होल्टची घट होते. मूळ व्होल्टेज आधीच कमी असल्यास मोटर तापते, दाब घटतो आणि वाइंडिंग जळण्याचा संभव असतो. म्हणून वायर वाढविण्याऐवजी उच्चदाबाचा पाइप वाढविणे अधिक हितावह मानले जाते.

## खर्च व प्रदूषण

२०० बार व १२ लिटर प्रवाहाच्या यंत्राला शाफ्टवर सुमारे ४.७ किलोवॉट शक्ती लागते. पूर्ण भारावर छोटे पेट्रोल इंजिन त्यासाठी तासाला साधारण २.२ ते २.५ लिटर पेट्रोल जाळते. त्याच कामासाठी विद्युत मोटरीला सुमारे ५.४ युनिट वीज पुरते. पेट्रोल लिटरला १०० रुपये आणि वीज युनिटला १२ रुपये धरल्यास हा खर्च तासाला अनुक्रमे २२० ते २५० रुपये व सुमारे ६५ रुपये होतो.

एक लिटर पेट्रोल जाळल्यावर सुमारे २.३ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो. भारतातील विजेचा बराच भाग कोळशापासून तयार होत असल्याने एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलोग्रॅम उत्सर्जन धरले जाते. त्या हिशेबाने वरील पेट्रोल यंत्राचे तासाचे उत्सर्जन ५ ते ५.८ किलोग्रॅम, तर विद्युत यंत्राचे सुमारे ३.८ किलोग्रॅम येते. म्हणजे विद्युत यंत्र पूर्णतः प्रदूषणमुक्त नसले तरी त्याचे उत्सर्जन कमी असते. छतावरील सौरवीज वापरल्यास हा फरक आणखी वाढतो.

## पाण्याचा वापर

माण, खटाव, जत, आटपाडी व कवठे महांकाळ हे तालुके अवर्षणप्रवण आहेत. साध्या नळीतून मिनिटाला १५ ते २० लिटर पाणी सहज वाहते, तर प्रेशर वॉशर त्याच्या निम्मे किंवा त्याहूनही कमी पाणी वापरतो. यात सिंगल फेज यंत्राचा कमी प्रवाह ही उणीव न राहता सोय ठरते. मात्र काम लांबल्यास एकूण बचत घटते. बोअरच्या जड पाण्यामुळे व्हॉल्व्ह व नोझल यांत क्षार साचतात आणि गढूळ पाण्यातील वाळूमुळे प्लंजरचे सील झिजतात. त्यामुळे पाण्याच्या तोंडाशी गाळणी बसविणे आवश्यक असते.

धुलाईच्या पाण्यात तेल, वंगण व धुलाईद्रव्ये असतात. नदीपात्रात वा ओढ्यात वाहने धुतल्यास ही द्रव्ये थेट कृष्णा व तिच्या उपनद्यांत मिसळतात. धुलाई केंद्रात गाळ बसण्याचा हौद आणि तेल वेगळे करणारा कप्पा असणे गरजेचे असते.

## सुरक्षा

* '''कार्बन मोनॉक्साइड :''' पेट्रोल इंजिनाच्या धुरातील हा वायू रंगहीन व गंधहीन असतो. घर, तळघर, गोदाम किंवा अर्धवट उघडलेल्या शटरच्या दुकानात इंजिन चालविल्यास थोड्याच वेळात बेशुद्धी व मृत्यू ओढवू शकतो. खिडकी उघडी ठेवणे किंवा पंखा लावणे हा पुरेसा उपाय नाही.
* '''विजेचा धक्का :''' ओल्या जागी विद्युत यंत्र वापरताना अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आवश्यक असतो. वायरचे जोड पाण्यात पडू देऊ नयेत. धार स्विचबोर्ड, मीटर वा मोटरीवर मारू नये.
* '''जलधारेची इजा :''' १३० बारच्या धारेचा वेग सेकंदाला सुमारे १६० मीटर असतो. ती त्वचेत शिरून आतील ऊती फाडू शकते. बाहेरून जखम लहान दिसली तरी तातडीने रुग्णालयात जाणे आवश्यक असते.
* '''इंधन :''' गरम इंजिनात पेट्रोल भरल्यास आग लागू शकते.
* '''आवाज :''' पेट्रोल यंत्राजवळ दीर्घकाळ काम करताना कानांना संरक्षण लागते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात ध्वनीची दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे.

## वापराच्या मर्यादा

काही पृष्ठभागांसाठी कोणतेही उच्चदाब यंत्र योग्य नसते. मेणवलीचा घाट, वाई येथील १७६२ मध्ये बांधलेले ढोल्या गणपतीचे मंदिर यांसारख्या जुन्या वास्तूंत दगडाइतकेच चुन्याचे सांधे व गिलावा महत्त्वाचे असतात. तीव्र धारेमुळे सांध्यांतील चुना निघून जातो, पाणी आत मुरते आणि झाडांची मुळे शिरण्यास वाट मिळते. बेसॉल्ट दगड टणक असला तरी शिलालेख व कोरीवकाम यांच्या झिजलेल्या कडा नाजूक असतात. संरक्षित स्मारकांवर पुरातत्त्व विभागाच्या परवानगीशिवाय असे काम करता येत नाही. मातीच्या भिंती, जुनी कौले, सौर पॅनेल, विद्युत उपकरणे आणि वाहनांची रेडिएटर जाळी यांवरही उच्च दाब टाळला जातो.

## हेही पाहा

* कृष्णा नदी
* २०१९ मधील महाराष्ट्रातील पूर
* किर्लोस्करवाडी
* कोयना धरण
* कार्बन मोनॉक्साइड